सक्तीची उपासना, स्वखुशीची मंडळे

विल्यम्स कॉलेज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य टोकाला, बर्कशायर डोंगरांच्या कुशीतल्या विल्यम्सटाउन या गावी आहे. कर्नल एफ्रेम विल्यम्स हा वसाहतीच्या सैन्यातला अधिकारी १७५५ साली जॉर्ज सरोवराजवळच्या लढाईत मारला गेला. सरहद्दीवरच्या या वस्तीत मोफत शाळा निघावी म्हणून त्याने मृत्युपत्रात तरतूद करून ठेवली होती, आणि गावाला आपले नाव द्यावे अशी अट घातली होती. शाळा उघडायला १७९१ साल उजाडले. दोन वर्षांनी, १७९३ मध्ये, तिचे कॉलेज झाले आणि एबेनेझर फिच पहिले अध्यक्ष झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे शंभराच्या आसपास विद्यार्थी शिकत होते. बोस्टन दूर, रस्ते वाईट, हिवाळा कडक आणि बहुतेक मुले शेतकऱ्यांच्या किंवा खेड्यातल्या पाळकांच्या घरची. अशा आडबाजूच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या मंडळाचा धागा मुंबईच्या पहिल्या मराठी मिशन शाळांपर्यंत, अहमदनगरच्या ‘ज्ञानोदया’पर्यंत आणि मराठी छपाईच्या खिळ्यांपर्यंत येऊन पोहोचतो. त्या मंडळाचा इतिहास मराठी वाचकाला माहीत असायला हवा, तो त्यामुळे.

कॉलेजवर वर्चस्व होते काँग्रिगेशनल पंथाचे. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन लोकांचा हा वारसा. या पंथात बिशप नाही. प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते, आपला पाळक आपण निवडते, आणि सभासद एका लेखी करारावर सह्या करून मंडळी स्थापन करतात. चार माणसांनी एकत्र यायचे, उद्देश कागदावर उतरवायचा, खाली सह्या करायच्या आणि त्या सह्यांना आयुष्यभर बांधून राहायचे, ही रीत या मुलांनी लहानपणापासून घरीदारी पाहिली होती. पुढे कॉलेजात त्यांनी जी मंडळे काढली त्यांचा साचा इथूनच आला असावा.

कॉलेजचे अधिकृत धर्मजीवन शिस्तीचे होते. पहाटे घंटा झाली की सगळ्यांनी प्रार्थनेला हजर राहायचे. मग पाठांतराचा तास, आणि तो आटोपल्यावर न्याहारी. दिवस मावळताना पुन्हा प्रार्थना. रविवारी गावातल्या चर्चमध्ये उपासना. हजेरी सक्तीची होती आणि चुकवली तर शिक्षा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नीतिशास्त्र आणि ख्रिस्ती धर्माची प्रमाणे खुद्द अध्यक्ष शिकवत, आणि हा विषय सगळ्या शिक्षणाचा कळस मानला जाई. अशी पद्धत त्या काळी न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक सर्व कॉलेजांत होती.

एवढी शिस्त असूनही विद्यार्थ्यांची श्रद्धा मात्र पातळच होती. १७९० च्या दशकात फ्रेंच राज्यक्रांतीचे वारे अमेरिकेच्या कॉलेजांतही शिरले होते. टॉमस पेनची पुस्तके हातोहात फिरत, आणि आपण श्रद्धाळू आहोत असे चारचौघांत सांगणारी मुले मोजकीच असत. पहाटेच्या प्रार्थनेला अर्धवट झोपेत येऊन बसणारा मुलगा हजेरीपटावर हजर असे, एवढेच. फिच यांच्या कारकिर्दीची पहिली दहा वर्षे विल्यम्समध्ये याच अवस्थेत गेली. १८०५-०६ च्या सुमारास ‘दुसरे महाजागरण’ म्हणून ओळखली जाणारी धार्मिक चळवळ या डोंगराळ भागात पोहोचली आणि चित्र पालटू लागले. त्यात पुढाकार कॉलेजच्या अधिकाऱ्यांचा नव्हता. गावातल्या मंडळीत चळवळ आली, तिथून ती दोन-चार मुलांना लागली आणि त्या मुलांनी आपापल्या खोल्यांत प्रार्थनासभा सुरू केल्या.

विद्यार्थी मंडळांची सवय मात्र कॉलेजला आधीपासून होती. १७९५ पासून इथे वाङ्मयीन सभा होत्या. ‘फिलॉलॉजियन’ आणि ‘फिलोटेक्नियन’ अशा दोन सभांमध्ये जवळजवळ सगळे विद्यार्थी विभागलेले असत. त्या दर आठवड्याला भरत. कुणी निबंध वाचे, कुणी भाषण करी, मग ठरलेल्या विषयावर वाद होई आणि अध्यक्ष निकाल देई. प्रत्येक सभेचे स्वतःचे ग्रंथालय होते. कॉलेजच्या ग्रंथालयात जुने धर्मशास्त्रीय ग्रंथ अधिक, तर सभांच्या कपाटांत इतिहास, प्रवासवर्णने, काव्य आणि नवी नियतकालिके. वर्गात पाठ केलेले लॅटिन म्हणून दाखवायचे, आणि विचार मांडायला, खोडायला, ठराव लिहायला, मत मोजायला शिकायचे ते सभेत, अशी विभागणी आपोआप झाली होती. कॉलेजच्या अभ्यासक्रमाने या मुलांना जेवढे घडवले त्याहून या सभांनी अधिक घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या पार्श्वभूमीवर १८०६ च्या वसंतात सॅम्युअल जॉन मिल्स कॉलेजात दाखल झाला. कनेक्टिकटमधल्या टॉरिंगफर्ड गावच्या पाळकाचा हा मुलगा. जन्म १७८३ चा, म्हणजे इतर नवागतांपेक्षा वयाने मोठा. अभ्यासात तो चमकणारा नव्हता आणि वक्ता तर मुळीच नव्हता. लोकांना एकत्र आणून कामाला लावणे आणि स्वतः मागे राहणे, हा त्याचा गुण. मिल्सच्या पुढाकाराने काही मुले आठवड्यातून दोनदा दुपारी उघड्यावर प्रार्थनेला जमू लागली. बुधवारी वेस्ट कॉलेज या इमारतीच्या दक्षिणेला असलेल्या वाळुंजाच्या झाडांखाली, आणि शनिवारी गावाबाहेर स्लोन नावाच्या माणसाच्या कुरणालगत मेपलच्या राईत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी उकाडा फार होता आणि पाचच जण आले: मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वे लूमिस आणि बायरम ग्रीन. पश्चिमेकडून आभाळ भरून आले, विजा कडकडू लागल्या, तसे ते राईतून निघाले आणि कुरणातल्या गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. कॉलेजात तेव्हा आशियाचा भूगोल चालू होता, म्हणून बोलणेही आशियावर आले. तिथल्या लोकांपर्यंत ख्रिस्ताची शिकवण न्यावी आणि ते काम आपणच करावे, असे मिल्सने सुचवले. लूमिसने विरोध केला. आधी तिथे सुधारणा पोहोचू दे, आज पाठवलेले लोक मारले जातील, असे त्याचे म्हणणे. इतरांना ते पटले नाही. पाऊस ओसरेपर्यंत त्यांनी प्रार्थना केली, एक स्तोत्र गायले आणि ते परतले. नेमकी तारीख कुणी टिपून ठेवली नाही. प्रसंगाचा बहुतेक तपशील ग्रीनने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतून आला आहे. लूमिस अमेरिकेतच राहिला, मेन राज्यात पाळक झाला. त्याची शंका मात्र पुढे शंभर वर्षे मिशनांच्या बैठकांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा निघत राहिली: आधी शाळा की आधी प्रवचन?

आशियाबद्दल या पाचांना जे माहीत होते ते पुस्तकी आणि एकांगी होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कोट्यवधी माणसे अंधारात आहेत आणि उजेड आपल्या हाती आहे, ही त्यांची पक्की समजूत. त्या लोकांना स्वतःचे तत्त्वज्ञान आहे, संतपरंपरा आहे, ज्ञानेश्वर-तुकोबांसारखे आपल्याच धर्मातल्या ढोंगावर बोट ठेवणारे कवी आहेत, याची त्यांना कल्पना नव्हती. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १८०६ रोजी, वेल्लोरच्या किल्ल्यात कंपनीच्या शिपायांनी उठाव केला होता. पेहराव आणि धर्मचिन्हांबद्दलच्या नव्या हुकमांमुळे शिपाई बिथरले होते, आणि उठावाचे खापर काहींनी मिशनरी लोकांवरही फोडले. त्यानंतर कंपनी सरकार मिशनरींच्या बाबतीत फारच सावध झाले. ज्या हिंदुस्थानात जायचा विचार गंजीच्या आडोशाला होत होता, त्याचे दरवाजे त्याच वेळी लोटले जात होते. विल्यम्सटाउनला याची वार्ताही नव्हती.

गंजीखालच्या प्रार्थनेतून लगेच काही घडले नाही. खरी संस्था उभी राहिली दोन वर्षांनी. ७ सप्टेंबर १८०८ रोजी ईस्ट कॉलेज या वसतिगृहाच्या तळमजल्यावर, वायव्येच्या खोलीत, ‘सोसायटी ऑफ ब्रदरन’ म्हणजे बंधुमंडळ स्थापन झाले. सह्या करणारे पाच: मिल्स, रिचर्ड्स, एझ्रा फिस्क, जॉन सीवर्ड आणि ल्यूथर राइस. गंजीजवळच्या पाचांपैकी यात दोघेच आहेत. लोककथेत या दोन घटना एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण इतिहासाच्या दृष्टीने वजन दुसरीला अधिक आहे. पहिली भावनेची होती. दुसरीत नियम होते.

बंधुमंडळाची नियमावली सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. मंडळाचे अस्तित्व गुप्त ठेवायचे, हा एक नियम. मंडळाचा उद्देश इतरांना परदेशी पाठवण्यासाठी पैसा गोळा करण्याचा नव्हता. सभासदांनी स्वतः जायचे होते. म्हणून मंडळात घेताना माणसाची कसून पारख व्हायची. जो लग्नाच्या, नोकरीच्या किंवा दुसऱ्या कसल्या वचनाने असा बांधलेला असेल की त्याला निघता येणार नाही, त्याला प्रवेश नाही. आत आल्यावरही प्रत्येकाने स्वतःला मोकळे ठेवायचे, आणि एखादा करार उद्देशाच्या आड येतो की नाही हे बंधूंशी सल्लामसलत करून ठरवायचे. विशीतल्या मुलांनी स्वतःसाठी केलेले हे नियम आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची कठोरता जाणवते.

गुप्ततेचे कारण व्यवहारी होते. अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठवण्याची कल्पना तेव्हा लोकांना वेडगळ वाटे. तशी संस्था नव्हती, निधी नव्हता, आणि देश स्वतःच उणापुरा तीस वर्षांचा. पोरांनी उतावळेपणा केला असा बोभाटा झाला तर पुढच्या कामाचीच वाट बंद होईल, ही भीती होती. म्हणून आधी गुपचूप माणसे जमवायची, वजनदार पाळकांची मने वळवायची आणि मगच उघड व्हायचे, असा बेत. चाळीस वर्षांनी मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने निघालेल्या परमहंस सभेनेही जातिभेद मोडण्याचे काम गुप्तपणेच चालवले. या दोन मंडळांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. समाज तयार नसताना तरुण माणसे कोणत्या वाटेने जातात हे मात्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

पदवी घेतल्यावर मंडळातले काही जण बोस्टनजवळच्या अँडोव्हर या नव्या धर्मशास्त्र विद्यालयात गेले आणि मंडळही त्यांच्याबरोबर तिकडे गेले. पुढे ते तिथे कित्येक दशके चालू राहिले. मिल्स मधल्या काळात येलला जाऊन आला. हवाई बेटांवरून जहाजाने आलेला ओपुकाहाइया हा तरुण त्याला तिथे भेटला. मिल्सने त्याला घरी नेले, शिकवण्याची व्यवस्था केली, आणि हवाईच्या मिशनची पहिली कल्पना तिथून निघाली. अँडोव्हरला इतर कॉलेजांतले तरुण येऊन मिळाले: ब्राउनचा अडोनिरम जडसन, हार्वर्डचा सॅम्युअल न्यूएल, युनियन कॉलेजचा सॅम्युअल नॉट. विल्यम्सच्या १८०८ च्या वर्गातला गॉर्डन हॉलही आला. कनेक्टिकटमधल्या एका मंडळीने हॉलला पाळक म्हणून बोलावले होते. पगार, घर, मान सगळे ठरलेले होते. त्याने नकार दिला.

जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड या गावी मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल पाळकांची सभा भरली, आणि या विद्यार्थ्यांनी तिच्यापुढे अर्ज ठेवला. आम्ही परदेशी जायला तयार आहोत, आम्हाला पाठवणारे कुणी आहे का, की युरोपातल्या संस्थांकडे जावे, असा त्याचा आशय. अर्जावर सहा नावे होती. सहा जणांचा बोजा पाहून वडीलधारी माणसे बिचकतील म्हणून ऐनवेळी राइस आणि रिचर्ड्स यांची नावे काढली गेली आणि चारच उरली. सभेने विचार केला आणि २९ जून रोजी ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेतली परदेशी मिशनची ही पहिली मोठी संस्था. तिला जन्म दिला विद्यार्थ्यांच्या मंडळाने. वडीलधाऱ्यांनी नंतर तिला नाव, निधी आणि कचेरी दिली.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कडाक्याच्या थंडीत त्याच महिन्यात ते दोन जहाजांनी निघाले. कोलकात्याला उतरताच कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले आणि हे पाचही जण शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जडसन आणि राइस यांनी प्रवासात आणि त्यानंतर अभ्यास करून बाप्टिस्ट मत स्वीकारले. जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस बाप्टिस्टांमध्ये याच कामाची जागृती करायला अमेरिकेत परतला. न्यूएलची कोवळी पत्नी हॅरिएट मॉरिशसला वारली. हॉल आणि नॉट मात्र अधिकाऱ्यांच्या हातून निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हन नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे, पण वरून आलेला हुकूम मोडणे त्यांना शक्य नव्हते. दोघांना इंग्लंडला पाठवायचे ठरले. ते किनाऱ्यावरून जाणाऱ्या एका गलबताने कोचीनला निघून गेले आणि तिथून त्यांना परत आणले गेले. हॉलने गव्हर्नरांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत गयावया नाही. राज्यकर्त्याला त्याच्याच धर्माची आठवण करून देणारी सरळ भाषा आहे. निबंध आणि वादविवादांत घोटलेल्या हाताची ही पत्रे, हे वाचताना लपत नाही. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनरींना हिंदुस्थानात यायची मुभा दिली आणि दोघांना मुंबईत राहता आले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच.

काम सुरू झाले भाषेपासून. विल्यम कॅरे या मिशनरीने बंगालमधल्या श्रीरामपुराहून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला होता, पण बोली ऐकून शिकणे आणि ब्राह्मण पंडिताकडून धडे घेणे याला पर्याय नव्हता. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ साली परतला. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूएल मुंबईत येऊन मिळाला होता. हॉल रस्त्यांवर, बाजारात, देवळांच्या आवारात उभा राहून बोलत असे. ऐकणारे जमत, वाद घालत आणि निघून जात. बाप्तिस्मा घेणारे जवळजवळ कुणीच नव्हते. १८१५ पासून मिशनने मराठी शाळा काढल्या, आणि धर्मांतराच्या कामाला मिळाला नाही तो प्रतिसाद शाळांना मिळाला. लूमिसने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या लोकांनी आपल्या परीने दिले होते.

१८१६ साली हॉरेशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी आला, आणि पुढच्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याला मानाचे स्थान आहे. टॉमस ग्रॅहम याने तिथे देवनागरीचे खिळे सुबक केले. गणपत कृष्णाजी याच छापखान्यात हा धंदा शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढून पंचांगे छापली. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहान वयात इथेच खिळे घासण्याच्या कामाला होते. बंधुमंडळाच्या नियमावलीत छापखान्याचा उल्लेख नाही. ख्रिस्ती धर्म पसरवण्यासाठी आणलेल्या यंत्रावर हात बसलेल्या कारागिरांनी पुढे संस्कृत आणि मराठी ग्रंथांची छपाई अशा दर्जाला नेली की निर्णयसागरची प्रत हा प्रमाणाचा शब्द झाला.

न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल घाटावर नाशिककडे फिरतीवर निघाला, तेव्हा तिकडे पटकीची साथ होती. बरोबरची औषधे त्याने लोकांना वाटून टाकली. सोबत मिशनच्या शाळेतली दोन मुले होती. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठले आणि काही तासांत, २० मार्च रोजी, तो वारला. औषध उरले नव्हते. वय ४१. त्याने भाषांतराला हात लावलेला मराठी नवा करार त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला.

त्यानंतरच्या घटना महाराष्ट्राला अधिक परिचित आहेत. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार आली. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या अविवाहित स्त्री मिशनरींत ती पहिल्यांपैकी. १८३१ साली अहमदनगरचे ठाणे सुरू झाले आणि पुढे फरारबाईंनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परतल्यावर १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणातही फरारबाईंचा वाटा होता. १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा या मिशनशी आणि या नियतकालिकाशी असलेला संबंध मराठी वाचकाला सांगायला नको. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, ही टिळकांची भूमिका गंजीखालच्या पाचांच्या समजुतीला मिळालेले सर्वांत सुंदर उत्तर आहे. उजेड एकाच बाजूने येतो असे मानून आलेल्या मिशनमध्ये राहूनच त्यांनी ते दिले.

मिल्स स्वतः कधीच आशियात आला नाही. अमेरिकेतच त्याने बायबल सोसायटीच्या स्थापनेसाठी खटपट केली, पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांतून दोन लांबलचक दौरे केले, आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या वसाहतीसाठी जागा पाहायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. १८१८ च्या जूनमध्ये परतीच्या प्रवासात तो समुद्रातच वारला. रिचर्ड्स श्रीलंकेत जाफन्याला गेला आणि १८२२ साली तिथेच वारला. फिस्क आणि सीवर्ड अमेरिकेत पाळक झाले. रॉबिन्सही तसाच. ग्रीन राजकारणात पडून अमेरिकेच्या काँग्रेसचा सभासद झाला.

इकडे विल्यम्समध्ये मंडळे वाढत गेली. १८२१ साली अध्यक्ष झेफानाया मूर काही विद्यार्थ्यांना घेऊन अ‍ॅमहर्स्टला निघून गेले आणि कॉलेज बंद पडायची वेळ आली. त्यांच्या जागी आलेल्या एडवर्ड ग्रिफिन यांनी ते सावरले. १८२३ साली विद्यार्थ्यांनी गुलामगिरीविरोधी मंडळ काढले. मॅसॅच्युसेट्समधल्या अशा पहिल्या मंडळांत ते गणले जाते. धर्मचर्चेच्या मंडळाला पुढे मिल्सचे नाव मिळाले. १८३५ साली विद्यार्थ्यांनी निसर्गविज्ञानाचे ‘लायसियम’ स्थापन केले. कॉलेज विज्ञानावर फारसा खर्च करत नसताना या मुलांनी स्वतः वर्गणी काढून नमुने जमवले, आणि पुढे स्वतःची इमारत उभी केली. फ्लॉरिडा आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत त्यांच्या मोहिमा गेल्या. त्यांचे मार्गदर्शक आल्बर्ट हॉपकिन्स खगोलशास्त्र शिकवत, वेधशाळा बांधत आणि दुपारी प्रार्थनासभाही घेत. डार्विनच्या आधीच्या त्या काळात या दोन कामांत कुणाला विरोध दिसत नव्हता.

याच सुमारास ग्रीक अक्षरांची नावे घेतलेल्या गुप्त बंधुसंघांचे पेव फुटले. १८३३ साली काप्पा अल्फा आणि १८३४ साली सिग्मा फाय विल्यम्समध्ये आले. गुप्तता जुनीच, हेतू मात्र पालटला होता. मिल्सच्या मंडळाने लपून राहायचे ते एक अवघड काम सुरू होईपर्यंत. नव्या संघांत गुप्तता हीच प्रतिष्ठा झाली आणि आत कोण, बाहेर कोण यावर कॉलेजातले मान ठरू लागले. याचा राग येऊन १८३४ च्या नोव्हेंबरात तीस विद्यार्थ्यांनी ‘सोशल फ्रॅटर्निटी’ काढली. गुप्तता नाही आणि मान मिळेल तो गुणांवर, हे तिचे तत्त्व. पुढे याच चळवळीतून डेल्टा अप्सायलन ही संस्था आली. अमेरिकेचा भावी अध्यक्ष जेम्स गारफील्ड विल्यम्सचा १८५६ चा पदवीधर. तो या गुप्तताविरोधी संघात होता, आणि कॉलेजच्या वाङ्मयीन त्रैमासिकाचा संपादकही होता. गुप्त संघ मात्र टिकले आणि वाढले. कॉलेजने ते बंद करायला घेतले तेव्हा १९६२ साल उजाडले होते.

१८३६ ते १८७२ अशी छत्तीस वर्षे मार्क हॉपकिन्स अध्यक्ष होते. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते अमेरिकन बोर्डाचेही अध्यक्ष राहिले. मुलांनी काढलेल्या मंडळातून निघालेल्या संस्थेचे प्रमुखपद अशा रीतीने कॉलेजच्या प्रमुखाकडे आले. त्यांचा विद्यार्थी सॅम्युअल आर्मस्ट्राँग हवाईतल्या मिशनरी घरात जन्मला होता. त्याने यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६८ साली हॅम्प्टन विद्यालय काढले, आणि बुकर टी. वॉशिंग्टन तिथे शिकला.

गंजीची जागा दरम्यान विस्मृतीत गेली होती. १८५४ साली म्हाताऱ्या बायरम ग्रीनने कुरणात येऊन ती दाखवली आणि तिथे खुंटी ठोकली गेली. १८६७ साली त्या ठिकाणी बर्कशायरच्या संगमरवराचा स्तंभ उभा राहिला. वर पृथ्वीचा गोल आणि खाली पाच नावे. ल्यूथर विशार्ड हा प्रिन्स्टनचा विद्यार्थी कॉलेजांमधल्या वायएमसीएचा संघटक झाल्यावर या स्तंभापाशी येऊन गेला आणि मिल्सच्या मंडळाची रीत देशभरच्या कॉलेजांत पसरवायची, असे त्याने ठरवले. तिथून हा धागा पुन्हा महाराष्ट्रात येतो. रॉयल वाइल्डर १८४६ साली अमेरिकन बोर्डातर्फे अहमदनगरला आले आणि १८५२ साली त्यांनी कोल्हापूरचे मिशन सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला आणि प्रिन्स्टनला शिकायला गेला. तिथे १८८३ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिशनसाठी विद्यार्थी मंडळ काढले. रविवारी दुपारी ते वाइल्डरांच्या घरी जमत. शेजारच्या खोलीत रॉबर्टची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसे. ती माउंट होल्योक या मुलींच्या महाविद्यालयात शिकलेली, आणि पुढे तीही हिंदुस्थानात आली.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडी या प्रवचनकाराच्या नेतृत्वाखाली अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. रॉबर्ट वाइल्डर आला तो प्रतिज्ञापत्र घेऊनच. शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी जाण्याची तयारी दाखवली. १८८८ साली ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ रीतसर स्थापन झाली, आणि पुढच्या अर्धशतकात तिने हजारो पदवीधर जगभर पाठवले. सह्या करून स्वतःला बांधून घेण्याची बंधुमंडळाची रीत आता लपूनछपून नव्हती. तिची छापील कार्डे निघत होती. वाइल्डर स्वतः १८९० च्या दशकात कोलकाता आणि पुण्याला येऊन विद्यार्थ्यांमध्ये काम करू लागला. त्या वेळचे पुणे टिळक-आगरकरांच्या वादांनी, फर्ग्युसनच्या तरुण प्राध्यापकांनी आणि सार्वजनिक सभेच्या राजकारणाने घुसळून निघत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना सभा, ठराव आणि वाद यांचे धडे कुणी द्यायची गरज नव्हती.

विल्यम्सची सक्तीची उपासना हळूहळू सैल होत गेली. १९०५ च्या सुमारास थॉम्पसन मेमोरियल चॅपल बांधले गेले. दगडी, उंच मनोऱ्याचे, सगळ्या विद्यार्थ्यांना सामावेल एवढे. पण ते भरले जाई हजेरीच्या धाकाने, आणि १९६२ साली सक्ती उठली तेव्हा ते ओस पडू लागले. त्याच दशकात गुप्त संघही मोडीत निघाले. १९७० पासून मुली कॉलेजात आल्या. ज्यू विद्यार्थ्यांसाठी १९९० साली स्वतंत्र प्रार्थनाभवन झाले. मुस्लिम, हिंदू, बौद्ध आणि ख्रिस्ती विद्यार्थी आज आपापल्या गटांत जमतात. जुन्या अर्थाने विल्यम्स आता ख्रिस्ती कॉलेज राहिलेले नाही. स्लोनच्या कुरणाला मिशन पार्क म्हणतात आणि शेजारी त्याच नावाचे मोठे वसतिगृह आहे. ज्या ईस्ट कॉलेजात बंधुमंडळ स्थापन झाले ती मूळ इमारत १८४१ साली आगीत गेली.